ब्रायंट पार्कमधलं कारंजं कोणाचं?

वर कुणीतरी लिहिलंय की न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या मागचं ब्रायंट पार्कमधलं कारंजं 'नुसतं शोभेचं' आहे. थंडीत ते गोठतं, तेव्हाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पण ते कोणाचं स्मारक आहे हेही सांगायला हवं.

ते जोसेफिन शॉ लॉवेल यांचं. 1863 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धात भाऊ गेला. ऑक्टोबरात लग्न झालं आणि पुढच्या ऑक्टोबरात नवराही त्याच युद्धात पडला. मुलगी त्यानंतर महिन्याभराने जन्मली! पुढचं सगळं आयुष्य या बाईंनी गरिबांसाठी वेचलं. 1876 मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या धर्मादाय मंडळावरच्या पहिल्या महिला आयुक्त झाल्या. मला सगळ्यात भावतं ते त्यांचं दुकानातल्या मुलींसाठीचं काम. त्यांच्या ग्राहक संघटनेने कामगार स्त्रियांना नीट वागवणाऱ्या दुकानांची 'पांढरी यादी' काढली, म्हणजे खरेदी कुठे करायची ते गिऱ्हाइकाने ठरवावं.

कारंजं 1912 चं, आराखडा चार्ल्स प्लॅट यांचा. शहरातलं एका स्त्रीचं हे पहिलं मोठं सार्वजनिक स्मारक मानतात. आधी ते लायब्ररीच्या बाजूला होतं, 1930 च्या दशकात बागेची फेररचना झाली तेव्हा सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूकडे हलवलं.

तिथल्या स्मृतिलेखात 'एका देशभक्त सैनिकाची एक वर्षाची पत्नी' अशा अर्थाचे शब्द आहेत. पुढच्या वेळी गेलात तर फोटोआधी तो लेख जरूर वाचा.