जर्मनीत माग्डेबुर्गला येऊन दीड महिना झाला, पण बस्तान काही बसेना

सांगलीची_पोर:
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये मास्टर्ससाठी माग्डेबुर्गला आलेय, चौघींच्या वेगेमध्ये, म्हणजे शेअर केलेल्या फ्लॅटमध्ये राहते. लेक्चरचं ठीक चाललंय, बाकी सगळा आनंद. परवा आमटीला फोडणी दिली, मिरची पडली आणि धुराचा अलार्म असा काय बोंबलला की तिघीजणी खोलीतून पळत बाहेर, एक तर डोक्याला शाम्पू तसाच. तेव्हापासून ब्रेड-चीजवर दिवस काढतेय. रविवारी दुकानं बंद असतात हे माहीत आहे तरी दर रविवारीच दूध संपतं. त्यात एक पत्र आलंय, रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो भरा म्हणून, माझ्याकडे दोन्ही नाही, हा फ्रॉड आहे का? आणि खरं सांगायचं तर चारला अंधार पडायला लागतो ते झेपत नाहीये. आई मागचं सगळं आवरून साडेनऊला कॉल करते तेव्हा इकडे पाच वाजलेले असतात, खिडकीतला काळोख बघून विचारते, अगं तिकडं पण रात्र झाली का? मग मी विषय बदलते.

कढलं_घेऊन_आलेला:
आधी एक, अलार्मवर मोजा वगैरे चढवू नकोस, आमच्या होस्टेलवर एकाने चढवला होता, चांगलंच महागात पडलं त्याला. खिडकी वरून नुसती तिरकी न ठेवता पूर्ण उघड, किचनचं दार लावून घे, आणि शेगडी काचेची असेल तर ती बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, आपण घरी गॅस बंद करतो तसं तिथे चालत नाही, म्हणून मोहरी तडतडली की कढलं उचलून बाजूला घे, मग मिरची टाक. पोळ्यांचं म्हणशील तर ४०५ नंबरचं पीठ घेऊ नको, तो आपला मैदाच, आटा इंडियन दुकानातून दहा किलो आणून ठेव. कोथिंबीर टर्किश दुकानात, चांगली जुडी मिळते. आणि क्वार्क म्हणून डबा मिळतो तो फडक्यात रात्रभर टांगला की झाला चक्का, पाडव्याला श्रीखंड केलं होतं मी, केशर घरून आणलेलं.

ब्रेमेनकर:
पत्र खरं आहे. आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी केली की येतंच, टीव्ही असो नसो. पण ते माणशी नाही, घराला एक असतं! तुमच्यातली एक आधीच भरत असणार, तिचा बाइट्राग्सनुमर (त्या फीचा खाते नंबर) विचार आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये टाक, मग चौघींत वाटून घ्या. मी शहाणा, फ्रॉड समजून तीन पत्रं कचऱ्यात टाकली, नंतर मागची सगळी थकबाकी एकदम भरली. दूध संपलं तर मोठ्या स्टेशनमधली दुकानं रविवारी उघडी असतात, महाग पडतं पण मिळतं. बाटल्या फेकत नाहीस ना? एकेका प्लास्टिक बाटलीचे २५ सेंट परत मिळतात.

नाशिकची_ताई:
बाळा, पहिल्या हिवाळ्यात मीही अशीच होते, दुपारी झोपायचे आणि रात्री टक्क जागी. मग एक ठरवलं, लेक्चर असो नसो, उजेड आहे तोवर तासभर बाहेर पडायचंच, तुझ्याकडे तर एल्बे नदीचा काठ आहे. युनिव्हर्सिटीचे स्पोर्ट्स कोर्स स्वस्त असतात, मी बॅडमिंटन लावलं, जर्मन येत नव्हतं तरी शटल मारायला काय लागतं. आणि आईला खरं सांग गं. मी चार महिने सगळं मस्त आहे म्हणत राहिले, मग एकदा रडू फुटलं तर आई म्हणाली, मला कधीचं माहितीये. हां, मिक्सर रविवारी आणि रात्री दहानंतर लावू नको, खालच्या आजी शेंगदाण्याच्या कुटासाठी चिठ्ठी लावून गेल्या होत्या माझ्या दाराला.

सांगलीची_पोर:
बाटल्या फेकल्या हो दादा, दीड महिन्याच्या सगळ्या 😭 पत्राचं झालं, एक मुलगी भरतेच आहे, महिन्याला साडेचार युरोच्या आसपास येतील माझ्या वाट्याला. काल दार लावून फोडणी दिली, अलार्म गप्प, पण वास गेलाच सगळीकडे, शाम्पूवाली वाटी घेऊन आली, म्हणाली उरलं असेल तर दे. आईला अजून नाही बोलले. रविवारी बोलते, तेव्हा बाबाही घरी असतात.