कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचेच रक्त पुन्हा वापरावे का?

प्रश्न (सांगलीकर):
माझ्या काकांच्या उजव्या मूत्रपिंडात कर्करोगाची मोठी गाठ असून मूत्रपिंडासह ती काढावी लागणार आहे. त्यांचा रक्तगट ‘बॉम्बे’ असल्यामुळे ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही आणि दाते फारच थोडे मिळाले आहेत. शस्त्रक्रियेत वाहणारे रक्त गोळा करून परत देणाऱ्या सेल सेव्हर यंत्राबद्दल विचारले असता शल्यचिकित्सक नको म्हणाले, तर भूलतज्ज्ञांना त्यात फारशी अडचण वाटली नाही. या मतभेदामागचे कारण कोणी समजावून सांगू शकेल काय?

उत्तर (भूलशास्त्र):
दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. हे यंत्र ओढून घेतलेल्या रक्तात गोठणरोधक मिसळते, ते गाळते, वेगाने फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या करते आणि सलाइनने धुऊन परत देण्यास तयार ठेवते. मात्र धुण्याने कर्करोगाच्या सगळ्या पेशी निघून जात नाहीत. त्या पुन्हा शिरेत गेल्या तर रोग पसरेल, या भीतीने अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८६ साली कर्करोगात ही पद्धत वर्ज्य ठरवली होती आणि शल्यचिकित्सकांच्या कित्येक पिढ्या तेच शिकल्या.
पुढे पांढऱ्या पेशी अडवणारे ल्युकोडिप्लीशन फिल्टर आले आणि त्यांतून गाळलेल्या रक्तात गाठीच्या पेशी क्वचितच सापडू लागल्या. ब्रिटनमधील ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००८ साली प्रोस्टेट आणि मूत्राशय काढण्याच्या शस्त्रक्रियांत असा फिल्टर लावून ही पद्धत वापरण्यास मान्यता दिली. शिवाय गाठ हाताळली जात असताना तिच्या काही पेशी रुग्णाच्या रक्तात एरवीही मिसळतातच, आणि त्यांपैकी बहुतेक नव्या जागी रुजत नाहीत. दुसऱ्याचे रक्तही निर्धोक नसते. त्याने प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात असे रक्त घेतलेल्यांमध्ये रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे, अर्थात ते रक्तामुळेच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

उत्तर (रक्तपेढीतील अनुभव):
डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत नोंदवलेला हा गट आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असतो. ओ गटासह इतर गटांच्या तांबड्या पेशींवर असणारा एच प्रतिजन (पेशीवरची ओळखखूण) या व्यक्तींच्या पेशींवर नसतो, उलट त्यांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात, म्हणून त्यांना बॉम्बे गटाचेच रक्त लागते. काकांचे हिमोग्लोबिन चांगले असेल तर त्यांचेच रक्त आधी काढून ठेवण्याबद्दल जरूर विचारा. नेहमीच्या पिशवीत ते ३५ दिवस टिकते, मात्र शेवटचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वी किमान ७२ तास आधी काढलेले असावे. लघवीतून रक्त जात असल्यास ही वाट बहुधा बंद होते, आणि मग हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी शिरेतून लोह देण्याचा विचार आधी करावा लागतो.

उत्तर (शल्यचिकित्सा):
भूलतज्ज्ञांच्या उत्तराने सेल सेव्हरचे चित्र जरा जास्तच उजळ रंगवले आहे. उपलब्ध अभ्यासांचे २०१२ साली एकत्र विश्लेषण झाले, तेव्हा सेल सेव्हर वापरल्याने रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही हे खरे. परंतु कोणत्या रुग्णाला हे यंत्र लावायचे, हे त्यांतील बहुतेक अभ्यासांत चिठ्ठ्या टाकून नव्हे, तर डॉक्टरांच्या पसंतीने ठरले होते. म्हणून गाठ फुटली असेल किंवा आतडे उघडले गेले असेल, तर मी ते रक्त घेत नाही, आणि गाठीच्या अगदी लगतचे रक्त वेगळ्या नळीने ओढून टाकून देतो. फिल्टरमधून रक्त हळू उतरते आणि दाब देऊन ते ढकलल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. त्यामुळे भरभर रक्तस्राव होत असताना फिल्टर अपुरा पडतो आणि तो काढण्याचा मोह होतो. तरीही बॉम्बे गटाच्या रुग्णासाठी यंत्र मांडून ठेवावे, असेच मी म्हणेन. सुरुवातीला फक्त रक्त गोळा करणारा भाग लावावा आणि स्राव खरोखर वाढला तरच धुण्याचे महागडे किट उघडावे, म्हणजे खर्चही वाया जात नाही.

प्रश्नकर्ता (सांगलीकर):
मनःपूर्वक आभार. असे धुतलेले रक्त दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येते का?

उत्तर (भूलशास्त्र):
त्या भरवशावर राहू नये. साध्या तापमानाला असलेले रक्त चार तासांच्या आत द्यावे लागते. शिवाय धुताना प्लाझ्मा आणि प्लेटलेट निघून जातात, त्यामुळे फार मोठा रक्तस्राव झाल्यास ते घटक रक्तपेढीतूनच घ्यावे लागतील. त्यांची आणि मिळालेल्या दात्यांच्या रक्ताची तजवीज शस्त्रक्रियेच्या तारखेआधीच करून ठेवा.