अनुभव धागा: गोष्टीतला 'मी' आणि गोष्टीतली 'ती'

काल भरताची वांगी भाजत होते, धूर डोळ्यात गेला आणि आजी आठवली. चुलीपुढे बसून एकच गोष्ट परत परत सांगायची, "एक पोरगी व्हती, बारा वर्साची." ती पोरगी सासरहून रात्री एकटी माहेरी निघते, तापीच्या काठाकाठाने, ओच्यात मूठभर शेंगदाणे. मी दरवेळी विचारायचे, तिचं नाव काय? आजी नुसती काटकी आत सरकवायची. आजी गेल्यावर मामाने सांगितलं, ती पोरगी म्हणजे आजीच. कॉलेजात तृतीयपुरुषी निवेदन (म्हणजे 'तो', 'ती' म्हणून सांगणं) शिकलो तेव्हा निवेदक लांबून बघतो असं लिहून घेतलं होतं. आजी लांब नव्हती हो, तिला 'मी' म्हणवत नव्हतं. तुमच्या घरचे सांगा.

तापीकाठ: काटा आला वाचून. वांगी बामणोदची का?

धागाकर्ती: हो, हिरवीच. कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजली.

अमळनेरची लेक: शाळेत 'श्यामची आई' मोठ्याने वाचायची पाळी माझी असायची, तेव्हा वाटायचं साने गुरुजीच थेट बोलतायत. परवा मुलीला वाचून दाखवताना लक्षात आलं की त्यातली 'रात्र', म्हणजे प्रकरण, सुरू होते तेव्हा वेगळाच कुणीतरी आश्रमातलं सांगत असतो आणि मग श्याम 'मी' म्हणून बोलायला लागतो. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलंय ते, गोष्टीत श्यामसमोर ऐकणारे मित्र बसवून घेतले गुरुजींनी. कुकर झालाय, नंतर येते

यावलकर: नेमाड्यांचं 'कोसला' 1963चं, मी होस्टेलवर वाचलं. पांडुरंग सांगवीकर 'मी मी' करत आपल्यासारखाच बोलतो, असा निवेदक पुस्तकात चालतो हेच माहीत नव्हतं. त्याची बहीण मनी जाते तिथे पुस्तक मिटून गच्चीवर गेलो. सगळ्यांच्या मनातलं जाणणाऱ्या सर्वज्ञ निवेदकाने तेच सांगितलं असतं तर मला एवढं लागलं नसतं, कारण त्याची बहीण गेलेली नसते

तापीकाठ: मनीचं नका काढू, आज ड्युटी आहे.

केळीबाग: अण्णा गेले त्यांच्यावर लिहायला बसलो. 'मी'ने सगळं माझंच रडगाणं होत होतं, 'ते'ने श्रद्धांजलीची जाहिरात वाटायला लागली. मग "अण्णा, तुम्ही पहाटे मोटार चालू करायला जायचे तेव्हा मी जागाच असायचो" असं लिहिलं आणि तीन पानं एका बैठकीत झाली. असं 'तुम्ही' म्हणून लिहिण्याला द्वितीयपुरुषी म्हणतात हे नंतर कळलं. आईला अजून दाखवलं नाही.

अमळनेरची लेक: आले परत. दादा, आईंना वाचूनच दाखवा, हातात देऊ नका.

धागाकर्ती: आणि ते मोटारीचं वाक्य आहे तसंच ठेवा.