शाळेतल्या मुलीला चष्मा हवाय, घरचे ऐकतच नाहीत. काय करू? (इंदूर)

नवी_सिस्टर
नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), ४ वर्षं प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये वॉर्ड केला (नाइट ड्यूटीने जीव गेला), आता ८ महिने झाले आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम) टीममध्ये आहे. म्हणजे गाडी, दोन आयुष डॉक्टर, एक फार्मासिस्ट आणि मी. सरकारी शाळा, अंगणवाड्या फिरायच्या, १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासायची, काही निघालं तर चिठ्ठी देऊन पुढे पाठवायचं. काम आवडतंय, खरंच. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

रिंग रोडच्या पलीकडची एक शाळा, सातवीतली मुलगी. आपला नंबर येईपर्यंत तिने लाइनीत उभ्या उभ्या चार्ट पाठ करून टाकला होता, पुढच्या मुली मोठ्याने वाचत होत्या ना. घडाघडा म्हणून दाखवलं. मी नॉर्मल लिहिणारच होते पण म्हणताना ती चार्टकडे नाही, खिडकीकडे बघत होती. मग ई वाला चार्ट काढला, म्हटलं ई चं तोंड कुठे आहे ते बोटांनी दाखव. तिसऱ्या ओळीपासून बोटं नुसती हवेत. मग कळलं की वर्गात फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवते आणि कॉपी करते म्हणून दोनदा बाहेर उभी राहिलीये.

चिठ्ठी दिली, गेले नाहीत. फोन केला, परत चिठ्ठी पाठवली, नाही गेले. शेवटी एका रविवारी मीच घरी गेले. आई निमाडकडची, म्हणाली "मैडम, अभी से चश्मा लग गया तो ब्याह कौन करेगा". वडील लोडिंग रिक्षा चालवतात, ते म्हणे गाजर खिलाएंगे. मला काही सुचलंच नाही, चहा पिऊन परत आले.

टीममधले सर म्हणतात रेफर केलंस, रजिस्टरमध्ये आलं, संपलं. त्यांचंही चूक नाही, शाळेत आपली व्हिजिट वर्षातून एकदाच (अंगणवाडीत दोनदा). पण मग ती वर्षभर तशीच बसणार? वॉर्डमध्ये बरं होतं, गोळी दिली की दिली. घरच्यांशी बोलायचं कसं, कुणी केलंय का असं काम?

रामबागची_आजी
अगं पोरी, मी एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) म्हणून रिटायर झाले, ३६ वर्षं हेच केलं, तेव्हा आरबीएसके नव्हतं, ते २०१३ चं. ई चा चार्ट काढलास, शाब्बास. पण ६ मीटर मोजून घेतेस ना? शाळेच्या खोल्या एवढ्याशा, लोक चार मीटरवरून वाचून घेतात आणि सगळी पोरं पास! माझ्या पर्समध्ये मोजून गाठ मारलेली सुतळी असायची, व्हरांड्यात धरायची की झालं.

आता तुझं. रविवारी गेलीस तिथेच फसलीस. रविवारी नवरा घरात, दीर घरात, शेजारीण दारात, आणि तू सगळ्यांसमोर सांगितलंस की मुलीच्या डोळ्यात दोष आहे. ती बाई काय हो म्हणणार? तिला एकटीला गाठायचं, दुपारी अडीचला, भांडी उरकली की. आणि लग्नाचं काढलं तर वाद घालायचा नाही. मुलीला दारात उभं करायचं आणि आईलाच म्हणायचं, विचारा हिला समोरच्या गच्चीवर कपडे किती वाळतायत. तुझ्या चार्टावर तिचा विश्वास नाही, गच्चीवर आहे.

आणखी एक, ही माणसं तोंडाने लग्नाचं बोलतात पण डोक्यात पैसा असतो. चष्म्याचे हजार-दोन हजार, वर एक दिवसाची मजुरी बुडणार कारण ओपीडी सकाळची. अंधत्व निवारण कार्यक्रमात शाळेच्या मुलांना चष्मा फुकट मिळतो हे सांगितलंस का? नसशील सांगितलं. तुला वाटलं चिठ्ठीत आलंच. गाजराला नाही म्हणू नकोस, नंबर काही त्याने जायचा नाही पण गाजर पण द्या आणि चष्मा पण म्हणायचं, त्याचा मान राहतो.

सुदामानगरवाला
मी मेडिकलचा नाही, पण चिठ्ठीवरून आठवलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या मावशींनी एकदा अशीच चिठ्ठी आणून दाखवली, वर इंग्रजीत डीईआयसी (तपासणीत काही निघालं की मुलांना पाठवतात ते जिल्ह्याचं सेंटर) वगैरे. दोन दिवस रडत होत्या की पोराला काहीतरी मोठं झालंय. निघाली दाताची कीड. सिस्टर, राग मानू नका पण चिठ्ठीच्या मागे बॉलपेनने हिंदीत दोन ओळी लिहा ना, काय झालंय, कुठल्या खिडकीवर जायचं, किती वाजता, पैसे लागतील का नाही.

दुसरं म्हणजे आजींचा मान ठेवून सांगतो, प्रत्येक घरी सुट्टीच्या दिवशी जाल तर सहा महिन्यांत तुम्हीच आजारी पडाल. आणि मुलीला आजच्या आज पहिल्या बाकावर बसवता येतं, त्याला ना ओपीडी लागते ना आईबाप.

निळी_गोळी
मी शिक्षिका, सहावी ते आठवी. पहिल्या बाकाचं बरोबर आहे पण आमच्या बाजूने पण बघा, वर्गात ५८ पोरं आहेत आणि पहिल्या बाकावर जागा चारच, त्यातल्या दोन दंगेखोरांसाठी रिझर्व्ह 😅 तरी सांगितलंत तर नक्की बसवू, आम्हाला कुणी सांगतच नाही, टीम येते, रजिस्टर भरते, जाते.

घरच्यांचं म्हणाल तर माझा अनुभव आयर्नच्या निळ्या गोळीचा. श्रावणी सोमवार होता, माझ्या लक्षातच आलं नाही की अर्ध्या मुलींचा उपास, रिकाम्या पोटी गोळी दिली आणि सहा-सात जणींना मळमळ, दोघींनी उलटी केली. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात बातमी, गोळीने पुढे मुलं होत नाहीत. दुसऱ्या दिवशी दहा आया गेटवर. बसवलं, पाणी दिलं, सांगितलं की चूक माझी, आता जेवण झाल्यावरच देईन, शी काळी होईल त्याला घाबरू नका, आणि सकाळी पोह्यांवर लिंबू पिळा, चहा जरा नंतर द्या, लिंबाने आयर्न अंगी लागतं, चहाने अडतं. त्यांतली सगळ्यात जास्त भांडलेली बाई आज माझी सगळ्यात कामाची आहे. कुठल्या घरात अडलं की मी जात नाही, तिला पाठवते. तुमच्या त्या गल्लीत चष्मा लावणारी एखादी मुलगी असेलच, तिच्या आईला शोधा.

नवी_सिस्टर
अपडेट देते, सगळ्यांना थँक्यू. तिच्या वर्गाच्या बाईंना फोन केला, तिसरा बाक मिळालाय, बघू. बुधवारी टीम त्याच बाजूच्या अंगणवाडीत होती तर सरांना सांगून अर्धा तास काढला आणि अडीचला गेले. मुलगी शाळेत असणार हे माझ्या लक्षातच नव्हतं 🤦 पण नशीब, पोट दुखतं म्हणून घरीच होती. आजी, गच्ची केली! मुलगी म्हणाली चार कपडे. आई हसली, म्हणे मस्करी करतेय. परत मोज म्हटलं, परत चार. नऊ होते आणि वर एक गोधडी. आई बराच वेळ काही बोललीच नाही, मग हळूच विचारलं, "कितना लगेगा?" लग्नाचं नावच नाही काढलं. फुकट आहे म्हटल्यावर दोनदा विचारलं, सच्ची?

वडिलांना गुरुवारी सांवेर रोडला माल टाकायचाय, त्याआधी दोघींना रिक्षातच हॉस्पिटलला सोडणार आहेत. चिठ्ठीच्या मागे हिंदीत सगळं लिहून दिलंय. आता मुलीचा एकच प्रश्न आहे, फ्रेम गुलाबी पाहिजे. फुकटवाल्यात रंग निवडता येतो का, कुणाला माहितीये?