गिटार: क्लास लावायचा की आपलं आपण शिकायचं?

गोदाकाठ:
संभाजीनगर, नांदेड, लातूरला गिटारचे क्लास मिळतात. तालुक्याच्या गावातल्या लेकरानं काय करायचं? माझं मत ठाम आहे. पहिले तीन महिने तरी शिकवणाऱ्यासमोर बसावं, मग आठवड्यातून एकदाच एसटीनं जाणं जमलं तरी चालेल. व्हिडिओतला माणूस आपला हात बघत नाही. डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या मानेवरून बाहेर येतो, तळहात लाकडाला चिकटतो, बोटं तारांवर आडवी पडतात आणि शेजारची तार मुकी होते. शिकणाऱ्याला वाटतं जोर कमी पडतोय, म्हणून तो आणखी दाबतो आणि मनगट धरतं. खरं तर बोट धातूच्या पट्टीला (फ्रेटला) लागून, तिच्या अलीकडे टेकवलं तर थोड्याच जोरात स्वर स्वच्छ निघतो. बोटांची टोकं सुरुवातीचे काही आठवडे दुखणारच. मनगट किंवा कोपराखालचा हात दुखला तर मात्र लगेच थांबायचं. हा फरक समोर बसलेला माणूस सांगतो.

काळी_दोन:
दादा, हात बघणारा गुरू मिळाला तर तुमचं सगळं मान्य. पण दहा जणांच्या बॅचमध्ये तासभरात एकेकाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. त्यात सर सगळ्यांची गिटार स्वतःच सुरात लावून देतात, म्हणून सहा महिन्यांनीही पोराला तार जुळवता येत नाही.

घरी शिकणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी करावं लागतं. त्यातली मेख एवढीच की काही ट्यूनर (सूर दाखवणारी यंत्रं) नुसतं स्वराचं अक्षर दाखवतात, सप्तक नाही. सहावी, सगळ्यात जाड तार ई म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झ आणि पहिली, सगळ्यात बारीक, तीही ई, पण ३३० हर्ट्झ. मध्ये दोन सप्तकं. अक्षराच्या मागे लागून खुंटी पिळत गेलं की तार तुटते. म्हणून आधी तार ढिली करायची आणि खालून वर चढवत स्वरावर आणायची.

हात बघायला फोन आहे. एकदा समोरून आणि एकदा मानेच्या मागून, अंगठा दिसेल असा, दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. जस्टिनगिटार या संकेतस्थळावर पायरीपायरीनं शिकवणारा अभ्यासक्रम फुकट आहे. इंग्रजीत आहे, पण बोटं दिसतात. रोज वीस मिनिटं पुरतात, त्यातली पाच फक्त कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलण्याला द्या. सी वरून ए मायनरला जाताना पहिली दोन बोटं जागेवरच राहतात, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. पहिल्या आठवड्यात हीच जोडी घ्या. मिनिटाला तीस स्वच्छ बदल झाले की पुढची जोडी.

सागवान:
तुम्ही दोघंही वाद्याबद्दल बोललाच नाहीत. निम्मी लेकरं हात चुकल्यानं नाही, तारा उंच असल्यानं सोडतात. विकत घेताना बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखालची फट मोजा. स्टील तारांच्या गिटारला साधारण अडीच मिलिमीटर असावी, पहिल्या तारेखाली दीड ते दोन. चार मिलिमीटर फट असेल तर कोणताही गुरू काही करू शकणार नाही. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. कागदाएवढीच फट दिसायला हवी. जास्त दिसली तर नटच्या खाचा उथळ आहेत, कानशीनं थोड्या खोल कराव्या लागतील.

तारा ०.०१० इंची संचाच्या (बारीक) घ्या, ०.०१२ च्या (जाड) नंतर. आणि नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीच चढवू नका, ताणानं ब्रिज (वरच्या फळीवरचा तारांचा आधार) उखडतो.

आपल्याकडचं हवामान वेगळंच छळतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, वरची फळी फुगीर होते आणि तारा उंच होतात. कूलरच्या ओल्या झोतासमोर गिटार ठेवणं सगळ्यात वाईट. गिटारच्या पेटीत, घराच्या आतल्या भिंतीपाशी ठेवा, बंद गाडीत तर नकोच.

गोदाकाठ:
सागवान, तुमचं म्हणणं माझ्याच बाजूचं आहे. अडीच आणि चार मिलिमीटरमधला फरक नवख्याला हाताला कळत नाही, त्याला वाटतं गिटार अशीच कठीण असते. व्हिडिओ बघून ट्रस रॉड (मानेतली धातूची सळई) पिळायला गेला तर मान वाकवून बसेल. तिथे एका वेळी पाव फेराच द्यायचा, तार पुन्हा सुरात लावायची आणि मगच तपासायचं. शिवाय तो मानेचा बाक सुधारण्यासाठी असतो, नुसत्या उंच तारांवरचा उपाय तो नव्हे. तारा उंच असतील तर सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) खालून घासावं लागतं.

ठेका:
ज्यांच्या घरात भजनी मंडळ आहे त्यांनी क्लासला कामून जायचं? सूर-ताल आधीच अंगात आहे. सगळीकडे शिकवतात ती स्ट्रमिंग (तारांवर हात खाली-वर फिरवणं) घ्या: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. ही केरवा तालाच्या आठ मात्रांत नेमकी बसते. पहिलीला खाली, तिसरी-चौथीला खाली-वर, सहावी-सातवी-आठवीला वर-खाली-वर. पाचव्या मात्रेला हात खाली जातो पण तारेला लागत नाही, आणि केरव्यातली बिनटाळीची मात्रा, म्हणजे ‘खाली’, हीही पाचवीच. तबला ऐकलेल्या लेकराला हे एका बैठकीत कळतं. नाहीतर हात थांबतो, ताल तिथेच मोडतो.

गायकाच्या पट्टीचंही तसंच. गायकानं काळी एक धरली तर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) पहिल्या फ्रेटवर आणि सीच्या कॉर्डचे आकार. काळी दोनला पहिल्याच फ्रेटवर डीचे आकार, काळी पाचला तिसऱ्या फ्रेटवर जीचे. एवढं कळलं की पेटीसोबत साथ सुरू.

नादब्रह्म:
ठेका, साथ सुरू होईल, पण एफ कॉर्डवर येऊन थांबेल. घरी शिकणारे बहुतेक तिथेच अडतात. पहिल्या फ्रेटवरच्या एफमध्ये आडव्या तर्जनीला खरं तर पहिली, दुसरी आणि सहावी एवढ्याच तारा दाबायच्या असतात, बाकीच्या तीन दुसरी बोटं दाबतात. हे न कळल्यानं लोक सहाही तारांवर जोर लावतात. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या कडेवर किंचित वळवली आणि कोपर अंगाजवळ आणलं की आवाज येतो. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून तोच आकार दुसऱ्यावर धरा. तिथे सहज वाजला तर नट उंच आहे, नाहीतर हात चुकतोय.

क्लास लावायचाच असेल तर आधी विचारा: बॅचमध्ये किती जण, तार मुलं स्वतः जुळवतात का, प्रत्येकाला एकट्यानं वाजवायला लावतात का. ही उत्तरं समाधानकारक नसतील तर काळी_दोन यांचा फोनचा मार्ग बरा, आणि एफपाशी महिनाभर अडलात तर एक-दोन तासांपुरता शिक्षक गाठा.

काळी_दोन:
एवढं मान्य. पण पहिले तीन महिने सक्तीचे, हे अजूनही पटत नाही.