मोबाईल नंबर न देता बिल मिळतं का?

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या कापडदुकानात नंबर दिल्याशिवाय बिलच होत नाही, असं कुणीतरी लिहिलंय. तसं काही नसतं. नंबराचा हट्ट धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना दिली आहे. 'नंबर नाही, कागदी बिल द्या' एवढंच म्हणा.

गुजरीतली, म्हणजे सराफ बाजारातली गोष्ट थोडी वेगळी. २ लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतोच, तो द्या. पण त्याच फॉर्मवर लग्नाचा वाढदिवस कशाला हवा? तो रकाना कोरा ठेवा आणि खाली बारीक अक्षरात 'माहिती आमच्या सहयोगी कंपन्यांना देऊ' असं काही असेल तर ते खोडूनच सही करा.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती वापरायची संमती ठरावीक कामापुरतीच धरायची, ती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं हवं आणि कोणती माहिती कशासाठी घेतायत याची सूचना मराठीत मागता येते. फक्त नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, त्यामुळे आत्ताच दंडाची धमकी देऊन उपयोग नाही.

तोवर १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे कॉल आणि एसएमएस बंद करायची सोय) लावा. जाहिरातीचा एसएमएस आला तर ७ दिवसांत तिथंच तक्रार करा. व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती मात्र त्यात येत नाहीत. तिथं ब्लॉक आणि रिपोर्ट.