कॉन्फेडरेट तिकिटं: छपाईतल्या व्हरायटी जमवायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

अर्धा_आणा:
मंडळी, बरीच वर्षं मी १८५४ची कलकत्त्याची शिळाछाप तिकिटं जमवतोय, मुख्यतः अर्धा आणा निळं. आता तिथलं चांगलं काही परवडत नाही आणि परवडतं त्याच्या कडा कुणीतरी कात्रीने भादरलेल्या असतात. शिळाछपाईचा नाद मात्र सुटत नाही. एकाच चित्राच्या नकला दगडावर उतरवताना जे बारीक घोटाळे होतात, ते भिंगातून शोधण्यातच मला खरा रस. म्हणून अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या, म्हणजे कॉन्फेडरेट सरकारच्या तिकिटांकडे वळावं म्हणतो. कारभार जेमतेम चार वर्षांचा, स्कॉट या अमेरिकी तिकीट-कॅटलॉगात सर्वसाधारण तिकिटांचे मुख्य क्रमांक फक्त १४, पण पोटात व्हरायटी भरपूर.

मला कळत नाहीये ते एवढंच: एकच तिकीट धरून खोलात जायचं तर कोणतं धरू? आणि भारतात बसून, फोटो बघून घ्यायचं तर फसवणूक कशी टाळायची? बजेट मास्तराच्या पगाराचं आहे. एकेका गावच्या पोस्टमास्तरांनी काढलेली हंगामी तिकिटं वगैरे सुचवू नका. ती स्वप्नातही नकोत.

शिळाप्रेस:
पाच सेंट निळं घ्या. तुम्ही अर्धा आण्यातून आलात म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे.

पहिलं पाच सेंटचं तिकीट ऑक्टोबर १८६१मध्ये निघालं, हिरव्या रंगात, कॉन्फेडरेट अध्यक्ष जेफरसन डेव्हिसच्या चित्राचं. छापलं रिचमंडच्या हॉयर अँड लुडविग या शिळाछपाईवाल्यांनी. १८६२च्या सुरुवातीला तेच तिकीट निळ्यात आलं. मूळ चित्रावरून आधी ५० नकला एका दगडावर उतरवायच्या, मग त्या पन्नासांचा गट मोठ्या छपाईच्या दगडावर चार वेळा उतरवायचा, की झाली २०० तिकिटांची शीट, शंभर-शंभरच्या दोन भागांत. आता बघा, पन्नासांच्या दगडावर जो दोष पडला तो प्रत्येक शीटवर चार वेळा येणार, तोही ठरलेल्या जागी. मोठ्या दगडावर नंतर ओरखडा पडला तर तो शीटवर एकदाच. आणि शाई कमी लागली, कचरा अडकला, तर तो एका तिकिटापुरता, पुन्हा कधीच दिसणार नाही. बाजारात 'दुर्मिळ व्हरायटी' म्हणून मिरवणारं निम्मं सामान या तिसऱ्या जातीचं असतं. त्याला पैसे मोजू नका.

निळंच का? हिरव्यात दगड ए किंवा बी, दगड १ आणि दगड २ असे प्रकार आहेत, आणि खराब छापलेलं सुटं तिकीट नेमकं कोणत्या दगडाचं हे ठरवताना डोकं फिरतं. निळ्यात दोनच, दगड २ आणि दगड ३. त्यातही मजा अशी की दगड २ हा हिरव्याचाच, फक्त शाई बदलली. त्यामुळे २१व्या जागेवरच्या तिकिटाच्या डाव्या वरच्या वेलबुट्टीला फुटलेला काटा हिरव्यातही सापडतो आणि निळ्यातही. हे दोन रंग शेजारी लावून बघा, सगळी प्रक्रिया डोळ्यांसमोर उभी राहते. दगड ३वर १९व्या जागी 'उडता पक्षी' आहे, म्हणजे डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या नक्षीच्या वर पक्ष्यासारखा ठिपका. ३३व्या जागी सेंट्स या शब्दातली पहिली दोन अक्षरं वरून जोडली गेलीत.

पण कॅटलॉगात नाव आलं की भाव चढतो. मी सांगेन, नावाच्या मागे न लागता पन्नासच्या पन्नास जागा जमवायला घ्या. पक्षी किंवा काटा विक्रेत्याला ओळखता येतो. १७वी किंवा ३६वी जागा त्याला ओळखता येत नाही, तो साध्या तिकिटाच्या भावात देऊन टाकतो. ही सगळी तिकिटं बिनदातेरी, कात्रीने कापलेली. काही खुणा कडेलाच असतात, तेव्हा चारही बाजूंना मोकळी कड असलेलं किंवा जोडी मिळाली तर थोडे जास्त द्या.

कॅरोलायनाकर:
शिळाप्रेस यांचं बाकी सगळं मान्य, पण निवड नाही. मी इथे नॉर्थ कॅरोलायनात तिकीट प्रदर्शनांना जातो, टेबलांवर काय पडलेलं असतं ते सांगतो. शिळाछाप तिकिटं स्वस्त राहिलेली नाहीत आणि स्वस्त मिळतात ती फाटलेली, पातळ झालेली. मास्तरांच्या पगारात बसणारं तिकीट म्हणजे नंतरचं, दगडाऐवजी उठावदार प्लेटवरून छापलेलं पाच सेंट.

याची गोष्ट अर्धा_आणा यांना विशेष जवळची वाटेल. रिचमंडवाल्यांची छपाई इतकी गचाळ होती की सरकारने प्लेट आणि तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून करून घेतली. हीच कंपनी १८५५पासून आपल्याकडची तिकिटंही छापत होती. लंडनची छापील तिकिटं १८६२च्या वसंतात उत्तरेच्या नाकेबंदीतून दक्षिणेत पोचली. प्लेटही पोचली, आणि तिच्यावरून रिचमंडमध्ये आर्चर अँड डेली छापू लागले. म्हणजे एकच प्लेट, दोन छापखाने. लंडनची छाप स्वच्छ, फिकट निळी, पातळ, गुळगुळीत, कडक कागदावर. रिचमंडची पुढे पुढे गडद होत जाते, रेषा भरून येतात, कागद कधी पातळ कधी जाड. पेच असा की सुरुवातीला रिचमंडवाल्यांनी लंडनहून आलेलाच कागद वापरला. त्या टप्प्यावरची तिकिटं वेगळी काढताना कागदापेक्षा छाप बघावी लागते.

शीट ४००ची, चार भागांत. उजव्या वरच्या भागातल्या ३०व्या तिकिटावर डेव्हिसचा टाय पांढरा दिसतो, ती 'पांढरा टाय' नावाची प्रसिद्ध व्हरायटी. ४००त एकच. दोन्ही बाजूंना छापलेली तिकिटंही आहेत, ती मात्र महाग. युद्ध संपलं तेव्हा न वापरलेला साठा बराच उरला होता, म्हणून कोरी रिचमंड तिकिटं, अगदी चौकड्या (चार जोडलेली तिकिटं) आणि मोठे ब्लॉकसुद्धा, अजून आवाक्यात आहेत. ब्लॉक घेतला की शेजारची तिकिटं एकमेकांची जागा सांगतात. सुट्या तिकिटावर नुसतंच डोकं खाजवत बसायचं.

भिंगवाला:
फसवणुकीबद्दल.

फ्रेमलाइनच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. १८६३च्या कोरीव, म्हणजे धातूच्या प्लेटवर कोरून छापलेल्या दहा सेंटमध्ये एका प्लेटवर तिकिटांभोवती रेघा होत्या. त्या रेघा कापताना बहुतेक वेळा जातात, म्हणून तीन-चार बाजूंना रेघ असलेलं तिकीट फार महाग. आणि म्हणूनच साध्या, स्वस्त दहा सेंटवर पेनाने रेघा ओढण्याचा धंदा जुना आहे. एक परीक्षा सोपी: कोरीव दहा सेंटचे दोन टाइप आहेत. टाइप २मध्ये कोपऱ्यातल्या नक्षीच्या बाहेरून, तिच्या वळणानुसार जाणारी एक जादा रेषा असते. फ्रेमलाइन टाइप १ची. म्हणजे टाइप २भोवती चौकट दिसली तर विषय संपला.

साडेबारा मापाची दातं पाडलेली दहा सेंटची तिकिटं खरी आहेत, पण दातं पाडायला यंत्र लागतं, १८६३ साल लागत नाही. प्रमाणपत्राशिवाय हात लावू नका.

एक सेंटचं नारिंगी कॅलहूनचं तिकीट डी ला रूने छापलं, ते वापरात कधी आलंच नाही. त्यावर शिक्का दिसला तर दुरूनच नमस्कार. वीस सेंट हिरवं वॉशिंग्टन आणि दोन सेंट तपकिरी लाल जॅक्सन कोरे सहज मिळतात, वापरलेले बरेच कमी, त्यामुळे खोटे शिक्के याच तिकिटांवर जास्त. डी ला रूने मूल्य बदलून दोन आणि दहा सेंटच्याही प्लेट करून दिल्या होत्या. ती तिकिटं टपालात आली नाहीत. आज दिसतात ते खाजगी छापे, शोभेचे.

स्प्रिंगफील्ड नकला तर रद्दीसारख्या मिळतात, १९३०च्या दशकातल्या. मागे 'फॅक्सिमिली' छापलेलं असतं, ते खोडून विकतात, तेव्हा मागच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय पुढे बोलूच नका. शंका असेल आणि रक्कम मोठी असेल तर सिव्हिल वॉर फिलाटेलिक सोसायटीची तपासणी सेवा आहे. पूर्वीची कॉन्फेडरेट स्टॅम्प अलायन्स ती हीच, १९३५ची. न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशनही प्रमाणपत्र देतं. पण स्वस्त तिकिटाला प्रमाणपत्र म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

निळीशाई:
अवांतर विचारते, राग मानू नये. ज्या सरकारची घटनाच गुलामगिरी राखण्यासाठी होती, त्याच्या अध्यक्षाचं तोंड अल्बमात लावताना काही वाटत नाही का?

कॅरोलायनाकर:
वाटतं. इथे तर फारच. काही टेबलांवर तिकिटांपेक्षा झेंडे जास्त असतात, तिथून मी निघून जातो. माझ्या पानांवर मी सरळ लिहितो की हे सरकार कशासाठी उभं राहिलं होतं. एकाने त्यावरून मला ऐकवलं, मीही ऐकवलं.

शिळाप्रेस:
निळीशाई, प्रश्न रास्त आहे, पण आपण मुंबईकर काही बाहेरून बघणारे नव्हतो. त्याच नाकेबंदीने दक्षिणेचा कापूस लिव्हरपूलला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद, शेअरचं वेड, आणि १८६५मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. लंडनची तिकिटं चोरून नेणारी जहाजं आणि आपला कापूस लिव्हरपूलला पोचवणारी जहाजं एकाच युद्धाच्या दोन बाजूंना होती. मी अल्बमाचा देव्हारा करत नाही, दप्तर म्हणून ठेवतो.

निळीशाई:
ठीक. दप्तर चालेल.

अर्धा_आणा:
सगळ्यांचे आभार. कॅरोलायनाकर यांचा रिचमंडचा ब्लॉक पटला, पहिला तोच घेतो. मग निळं शिळाछाप हळूहळू, जागांप्रमाणे.

एक मात्र आत्ताच विचारतो. इथल्याच एका विक्रेत्याने दहा सेंट निळं दाखवलंय, थॉमस जेफरसनचं, शिळाछाप. रंग दुधट फिका. डाव्या वरच्या कोपऱ्याची नक्षी खाली जिथे टोकदार होते, त्या टोकाखाली एक बारीक आडवी रंगीत रेघ आहे. तो म्हणतो, 'कॅटलॉगात नसलेला दगडावरचा दोष', आणि साध्याच्या तिप्पट मागतोय. टेन शब्दातला टी बघितला, नीट आहे.

शिळाप्रेस:
टी बघितलात हे बरं केलंत. मोडका टी हॉयर-लुडविगच्या दगडावर चौथ्या जागी येतो, नंतरच्या गुलाबी दहा सेंटवरही तोच. पण तुमचं तिकीट हॉयर-लुडविगचं दिसत नाही. दहा सेंट निळं १८६२मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी जे. टी. पॅटरसन यांनीही छापलं. ती रेघ पॅटरसनच्या बहुतेक तिकिटांवर असते, त्यांची ओळखच ती. दुधट रंगही त्यांचाच.

भिंगवाला:
म्हणजे विक्रेत्याने छापखान्याची खूण दोष म्हणून विकायला काढलीय. तिकीट खरं असेल, भाव खोटा.

अर्धा_आणा:
मग घेऊ की सोडू?

शिळाप्रेस:
कडा चारही बाजूंना मोकळ्या असतील आणि साध्या पॅटरसनच्या भावात देत असेल तर घ्या. हॉयर-लुडविगचं एखादं शेजारी लावलंत की फरक कायमचा डोळ्यात बसतो. त्याला रेघेचं काही सांगू नका, नुसतं 'डावी कड जरा कमी आहे' म्हणा. आणि स्कॅन इथे टाका, १२०० डीपीआयवर, मागची बाजूसुद्धा.